सरासरीत न मावणाऱ्या राधाबाई

जबाब
दि. २७ फेब्रुवारी २०२६
ठिकाण: पोलीस ठाणे, जबलपूर

मी, अंजनी रामराव देवतळे, वय ६८ वर्षे, धंदा घरकाम, राहणार गढा बाजारामागे, जबलपूर, मूळ गाव आर्वी, जिल्हा वर्धा, ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर सून हर्षा हिच्यासह राहते. माझे यजमान रामराव रेल्वेत होते, ते वारले. मुलगा धनेश कटनीला नोकरीस असून शनिवारी घरी येतो. मला हिंदी येते, पण सविस्तर सांगायचे तर मराठीच जवळची वाटते. ठाण्यातील प्रधान आरक्षक, म्हणजे आपल्याकडचे हवालदार, रामकृष्ण कळंबे हे पांढुर्ण्याचे, मराठी घरचे असल्याने त्यांनी जबाब मराठीत लिहून घेण्याचे कबूल केले. हिंदी प्रत ते वेगळी जोडणार आहेत.

माझी सून हर्षा ही नेपियर टाउनमधील एका ट्रस्टच्या रुग्णालयात आकडेवारीचे काम पाहते. महिन्यात किती रुग्ण भरती झाले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, किती खाटा भरलेल्या राहिल्या, एकेका रुग्णाचा मुक्काम सरासरी किती दिवसांचा झाला, हे हिशेब काढायचे आणि दर महिन्याला मोठ्या डॉक्टरांपुढे पडद्यावर दाखवायचे, असे तिचे काम आहे. हिशेबात ती पक्की आहे. पण चार लोकांपुढे उभी राहिली की तिचा आवाज बसतो. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवते आणि सगळे मला बोलून दाखवते. मी पोळ्या लाटत ऐकते. तिचे माहेर इथलेच, मराठीच, पण त्यांच्या घरात हिंदी चाले. त्यामुळे ती मराठी पूर्ण समजते, बोलते मात्र अर्धी-अर्धी. मधूनमधून ती विचारते, "आई, समजलं ना?" मी खरे तेच सांगते. बहुतेक वेळा समजलेले नसते. मग ती पुन्हा सांगते.

सरासरी तिने मला पोळ्यांवरून समजावली होती. पाच जणांनी दोन-दोन पोळ्या खाल्ल्या आणि सहाव्याने एकट्याने वीस खाल्ल्या, तर सरासरी पाच येते. "पण पाच पोळ्या तर कोणीच नाही खाल्ल्या, आई," ती म्हणाली. मी म्हटले, त्या वीस खाणाऱ्याला आधी घरी घेऊन ये, बघू दे. ती खूप हसली. ती अशी हसली की मला धनेशचे लग्न करून दिल्याचे समाधान वाटते. हे लिहायची गरज नसेल तर नका लिहू.

राधाबाई यांची ओळख कशी झाली असे विचारले असता सांगते की, त्या मागच्या जुलै महिन्यात रुग्णालयात भरती झाल्या. वय अंदाजे पंच्याहत्तर. त्या बरगी धरणाजवळच्या एका खेड्यात राहत होत्या. माहेर मोर्शीकडचे. नवरा धरणाच्या कामावर मजूर म्हणून आला आणि इकडेच राहिला, तो आता नाही. मूलबाळ नाही. पावसात घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. बहिणीचा मुलगा सचिन याने त्यांना आणून भरती केले, ऑपरेशन झाले, आणि त्यानंतर तो आला नाही. त्याचा फोन बंद लागत होता. रुग्णालयाचा नियम असा की एकट्या म्हाताऱ्या रुग्णाला कोणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय सुट्टी देत नाहीत. त्यामुळे राधाबाई बऱ्या होऊन, वॉकर घेऊन चालायला लागूनही हाडांच्या महिला वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर राहिल्या.

मला हे हर्षाने सांगितले. वॉर्डात त्यांच्याशी मराठी बोलणारे कोणी नव्हते. हर्षा मजल्यावर गेली की त्या तिला हाक मारीत आणि ती तिच्या तुटक मराठीत बोले. एक दिवस ती मला म्हणाली, "आई, त्या अंबाडीच्या भाजीबद्दल विचारून राहिल्या होत्या. मला अंबाडी काय ते सांगताच नाही आलं." दुसऱ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी डब्यात घेऊन ऑटोने गेले. राधाबाईंनी भाकरीचा वास घेतला आणि बराच वेळ डबा मांडीवर धरून बसल्या. जेवल्यावर म्हणाल्या, "आर्वीच्या काय तुम्ही? तरीच मीठ कमी हाय." तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा-तीनदा भेटीच्या वेळेत जात असे. आम्ही भांडत असू, संत्री मोर्शीची चांगली की आमच्याकडची, यावरून. त्यांनी एकदाही हार मानली नाही.

रुग्णालयाविरुद्ध काही तक्रार आहे काय असे विचारले असता सांगते की, नाही. रुग्णालयाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे भय्यासाहेब म्हणतात, त्यांनी इतके महिने राधाबाईंना बाहेर काढले नाही. दोन वेळचे जेवण, औषध, थंडीत जास्तीची रजई, सगळे दिले. दुसरीकडे असे कोणी केले नसते. हे माझ्या जबाबात ठळक लिहून घ्यावे.

अडचण कशी झाली ती हर्षाने मला सांगितली तशी सांगते. रुग्णाचा मुक्काम हा त्याला सुट्टी मिळते त्या दिवशी मोजतात. जोवर माणूस खाटेवर आहे, तोवर त्याचे दिवस मुक्कामाच्या सरासरीत येत नाहीत. सुट्टी झाली की सगळे दिवस त्या एका महिन्यात येऊन पडतात. त्या वॉर्डातली सरासरी सहा दिवसांची असते. राधाबाईंना ज्या महिन्यात सुट्टी मिळेल, त्या महिन्यात ती बारावर जाणार होती. गुरुवार, दि. २६ फेब्रुवारी रोजी भोपाळहून दर्जाची तपासणी करणारी मंडळी येणार होती आणि त्यांच्यापुढे चालू महिन्याचे आकडेही दाखवायचे होते.

हर्षाने वृद्धाश्रमात चौकशी केली होती. एका ठिकाणी जागा झाली होती. आधीच्या आठवड्याच्या बैठकीत तिने तसे सांगितले. भय्यासाहेब म्हणाले, "अभी नहीं. इन्स्पेक्शन निकल जाने दो, फिर देखेंगे." हर्षा म्हणाली, त्यांना आज सुट्टी देता येते, आकड्याचे कारण मी नीट समजावून सांगीन. ते सर्वांदेखत म्हणाले, "आप नंबर बनाइए, अस्पताल हम चला लेंगे." त्या दिवशी ती घरी आली तेव्हा हेल्मेट डोक्यावर ठेवूनच स्वयंपाकघरात उभी राहिली. मी हेल्मेट काढून घेतले. ती एवढेच म्हणाली, "आई, त्यांना माझ्या सरासरीसाठी थांबवून ठेवलं आहे." वृद्धाश्रमातली जागा दोन दिवसांत दुसऱ्या कोणाला गेली.

मंगळवार, दि. २४ रोजी काय झाले असे विचारले असता सांगते की, मी सकाळी डबा घेऊन गेले. त्या दिवशी राधाबाई जेवल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सात महिने झाले बाई, मी दाराची कडी लावली नाही." मला समजले नाही. त्या म्हणाल्या, "इथं दार कधी लागतच नाही. कोणाचं बी घर चालन मले, पण रात्री कडी आपल्या हातानं लावाव, असं वाटते."

मी त्यांची साडी, कंगवा आणि औषधे पिशवीत भरली. त्यांना वॉकर दिला. ड्यूटीवर सिस्टर विनीता होत्या. मी त्यांना स्पष्ट सांगितले, "सिस्टर, इनको मैं घर ले जा रही हूँ." त्या कामात होत्या, हसून म्हणाल्या, "हाँ अम्मा, ले जाइए, हमें भी ले चलिए." त्यांना ती थट्टा वाटली. त्यांचा यात दोष नाही. आम्ही लिफ्टने खाली आलो, दारावरच्या पहारेकऱ्याने वॉकर ऑटोत ठेवायला मदत केली, आणि आम्ही गढ्याला आलो. हर्षाला यातले काहीही माहीत नव्हते. ती त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसलेली होती. तिला सांगितले असते तर तिने मला नियम सांगितले असते, आणि मी ते ऐकले असते. म्हणून सांगितले नाही.

दुपारी खाटा मोजताना राधाबाई नाहीत असे लक्षात आले. सगळीकडे शोधाशोध झाली. हर्षासुद्धा जिने उतरून-चढून शोधत होती, रस्त्यापर्यंत जाऊन आली. तिने मला फोन केला, तो मी घेतला नाही, कारण मी राधाबाईंना आंघोळ घालत होते. भय्यासाहेबांनी ठाण्यात तक्रार दिली आणि आधीच्या आठवड्याच्या वादावरून हर्षावर संशय घेतला. तिला सांगितले की गुरुवारची बैठक झाली की पुन्हा यायचे नाही.

संध्याकाळी हर्षा घरी आली तेव्हा राधाबाई ओट्याखाली पाट घेऊन मटराच्या शेंगा सोलत होत्या. हर्षा दारातच थांबली. तिचा चेहरा रडून सुजलेला होता. राधाबाई म्हणाल्या, "आली काय पोरी? किती उशीर." हर्षाने त्यांना आधी विचारले, "चहा घेतला ना तुम्ही?" मग ती माझ्याकडे वळली. "आई, काहून केलं तुम्ही असं? मैंने सोचा नर्मदा में..." ती दाराजवळ खालीच बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तो तिने बाजूला केला. आमच्या सात वर्षांत तिने असे पहिल्यांदा केले.

थोड्या वेळाने तिने स्वतः ठाण्यात फोन करून राधाबाई आमच्या घरी सुखरूप आहेत असे कळवले. नंतर रुग्णालयात कळवले. फोन ठेवून म्हणाली की आता त्यांच्या नावापुढे 'न सांगता गेलेली' असे लागेल, आणि दिवस सगळे याच महिन्यात पडतील, तपासणीच्या दोन दिवस आधी. मी म्हटले, सांगून गेलो होतो, कोणी मनावर घेतले नाही. तिला हसू आले, पण ते तिने मला दाखवले नाही. पोलीस आले तेव्हा दाराला कडी होती. ती राधाबाईंनी उठून काढली, कोणाला काढू दिली नाही.

बुधवारी संध्याकाळी हर्षाने कोठीवर लॅपटॉप ठेवला. माझ्याशी ती अजून बोलत नव्हती, पण माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. भय्यासाहेबांनी सांगितले होते की राधाबाईंचे नाव फेब्रुवारीत घेऊ नका, मार्चमध्ये टाका. तिने पडद्यावर दाखवायची चित्रे दोन्ही तऱ्हेची तयार केली होती, एक पडदा राधाबाईंना धरून आणि एक त्यांना वगळून. कोणता दाखवायचा ते तिचे ठरत नव्हते. नोकरी जाणारच आहे तर भांडण कशाला, असेही ती म्हणाली. एका पडद्यावर वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाच्या नावाची आडवी पट्टी होती, जितके दिवस तितकी लांब. सगळ्या बोटाएवढ्या होत्या आणि एक पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती.

राधाबाई जवळ सरकल्या. म्हणाल्या, "ही लांब कोणाची?"

"तुमची."

"हे सारे दिवस माहे?"

"हो, सगळे तुमचेच."

राधाबाईंनी त्या पट्टीवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवले. मग दुसरा पडदा पाहिला, ज्यात ती पट्टी नव्हती. त्या म्हणाल्या, "ह्याच्यात मी नाही काय?" हर्षाने नकारार्थी मान हलवली. राधाबाई म्हणाल्या, "मी होती न तिथं. पोळ्याले होती, दिवाळीले होती. नाही कशी म्हणता?"

हर्षाने दुसरा पडदा पुसून टाकला. त्यानंतर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बोलून दाखवले आणि मला विचारले, "आई, समजलं ना?" त्या वेळी मला खरेच समजले होते.

गुरुवारी मी आणि राधाबाई रुग्णालयात होतो, कारण त्यांची वैद्यकीय तपासणी करून अहवाल द्या असे ठाण्यातून सांगण्यात आले होते. ती झाल्यावर आम्ही बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. दार उघडे होते. हर्षाचा आवाज आधी कापत होता. मी बाकाची कड धरून बसले. मग तिने सांगितले की या महिन्यात हाडांच्या महिला वॉर्डातली सरासरी बारा दिवसांची आहे, एरवी ती सहाची असते, ही वाढ एकाच रुग्णामुळे आहे, आणि रुग्णांना मुक्कामाच्या दिवसांप्रमाणे ओळीने उभे केले तर अगदी मधल्या रुग्णाचा मुक्काम मागच्या महिन्याइतकाच आहे. तिने ती लांब पट्टी दाखवली. तिथून पुढे तिचा आवाज कापला नाही.

भोपाळहून आलेल्या डॉक्टर सुमेधा यांनी विचारले, "ये एक मरीज़ कौन हैं?"

हर्षा म्हणाली, "राधाबाई, मॅडम. बाहर बेंच पर बैठी हैं."

राधाबाईंनी आपले नाव ऐकले आणि वॉकर घेऊन उठल्या. मी थांबवू लागले, त्या थांबल्या नाहीत. दारात जाऊन त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. डॉक्टर सुमेधांनी विचारले, तुम्ही इतके दिवस का राहिलात. राधाबाई मराठीतच म्हणाल्या, "कोणी न्यायले आलं नाही म्हणून." हर्षाने ते हिंदीत सांगायला तोंड उघडले, पण डॉक्टर सुमेधा म्हणाल्या, "समझ गई." तेवढ्यात भय्यासाहेब उठले, स्वतःची खुर्ची त्यांनी दारापर्यंत आणली आणि राधाबाईंना बसवले. ते स्वतः बैठक संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे होते.

तपासणीच्या मंडळींनी शेरा दिला की ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशा रुग्णांसाठी रुग्णालयाने व्यवस्था करावी, आणि त्यासाठी मुदत दिली. दर्जाचा कागद त्यानंतर मिळणार आहे. बैठकीनंतर भय्यासाहेबांनी राधाबाईंच्या सुट्टीच्या कागदावर स्वतः सही केली. मला म्हणाले, "अम्मा जी, एक बार मुझसे कह देतीं." मी म्हटले, "आपसे मेरी बहू ने कहा था." मग भय्यासाहेब हर्षाला म्हणाले, मार्चचे आकडेही आपणच करायचे आहेत, आणि तक्रार मागे घेत असल्याचे पत्र ते देत आहेत. स्कूटरवरून घरी निघताना हर्षाने मला हेल्मेट घालून पट्टा लावून दिला. म्हणाली, "धरून बसा, आई." एवढेच म्हणाली, पण मला पुरे झाले. राधाबाई ऑटोने पुढे गेल्या होत्या.

सचिन याच्याविषयी सांगते की, बरगीच्या पोलिसांनी त्याचा नवा नंबर मिळवला आणि आज ठाण्यातूनच फोन लावून दिला. तो बायको-मुलांसह हैदराबादकडे बांधकामावर आहे. फोन हरवला होता असे म्हणाला, आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही असेही म्हणाला, आणि रडू लागला. राधाबाईंनी त्याला काही विचारले नाही. म्हणाल्या, "जेवला काय रे?" तो हो म्हणाला. मग म्हणाल्या, "पोराइले सांभाळ. मी आता बरी हाय." आणि फोन साहेबांना परत दिला.

राधाबाई यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध नेले काय असे विचारले असता सांगते की, नाही. त्यांचा वेगळा जबाब घेतलेला आहे. त्यांना हवे तितके दिवस त्या आमच्याकडे राहतील. मुलगा धनेश याला फोनवर सांगितले आहे. त्याने आधी "आई, तू हे काय केलंस" असे विचारले आणि नंतर त्या कोणत्या खोलीत झोपतात ते विचारले. येताना तो त्यांच्यासाठी कटनीहून खुर्चीचा संडास आणणार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. या प्रकरणाची कोणतीही नोंद माझ्या सुनेच्या नावावर राहू नये, एवढी विनंती आहे. जे केले ते मी केले.

वरील मजकूर प्रधान आरक्षक कळंबे यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. त्यांनी एके ठिकाणी 'रुग्णास पळवून नेले' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'घरी नेले' असे केले आहे व त्या खोडाशेजारी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे.

सही
अंजनी रामराव देवतळे

समक्ष
रामकृष्ण कळंबे
प्रधान आरक्षक